पवनचक्क्यांमुळं ढग पळतात का? (माण तालुका)

माणदेशी_गडी:
गाव दहिवडीजवळ. जुलै निम्मा संपला, रोज सकाळी उठून बघतोय तर आभाळ गच्च, ढग पश्चिमेकडनं येतात आणि डोक्यावरनं सुसाट पूर्वेला निघून जातात, अंगणातली धूळसुद्धा बसत नाही. आणि तिकडं महाबळेश्वरला एका दिवसात २०० मिमी, आपल्याच जिल्ह्यात! पारावर सगळ्यांचं एकच, वनकुसवडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हापासनं ढग फाटायला लागले. चुलते तर शपथेवर सांगतात. मला पटत नाही पण उत्तर पण देता येत नाही. कुणी नीट सांगेल का?

घाटवाट:
चुलत्यांना विचारा, १९७२ च्या दुष्काळात किती पवनचक्क्या होत्या 😀
समुद्रावरनं आलेला दमट वारा कोकण ओलांडून सह्याद्रीला धडकतो, पुढं वाट नाही म्हणून वर चढतो, वर दाब कमी म्हणून हवा फुगते, फुगली की गार होते आणि मग तिच्यातली वाफ थेंब होऊन पडते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर. माथा ओलांडला की तीच हवा खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा किलोमीटरभर उतरली तर जवळजवळ १० अंशांनी तापते, मग ढग टिकणार कसा. शाळेत पर्जन्यछाया म्हणून घोकलेलं ते हेच.

वाईकर_काका:
आमच्या वाईत सातशे-आठशे मिमी, आणि महाबळेश्वर इथनं जेमतेम ३२ किमी. पावसाळ्यात एकदा गाडीनं खाली उतरून बघा. वर बाजारात समोरचं दुकान दिसत नाही, पाचगणीत भुरभुर, आणि पसरणी घाटाच्या खालच्या वळणांवर वायपर काचेवर कोरडा करकरायला लागतो. मागं बघावं तर ढगाची कड डोंगरावर टोपीसारखी, एवढा वारा असून जागची हलत नाही, कारण जेवढा ढग पुढं येतो तेवढा विरतो.

माणदेशी_गडी:
काका मग आमच्या डोक्यावरनं पळतात ते कुठले? विरत असतील तर दिसायलाच नकोत की.

घाटवाट:
सगळे नाही विरत. उरतात ते बुटके आणि पातळ. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख कण एकत्र यावे लागतात, त्याला ढगाला चांगली जाडी लागते, ती तुमच्याकडं या दिवसांत क्वचितच होते. आणि चक्क्यांचं म्हणाल तर गणित उलटं आहे, त्या पठारावर वारा आधीपासनं जोराचा होता म्हणूनच त्या तिथं बसवल्या. चक्की वारा तयार करत नाही, आहे त्यातलीच थोडी ताकद काढून घेते.

चांद्याची_पोर:
मग आम्ही सह्याद्रीपासून अजून लांब तरी आमच्या चंद्रपूरला हजार मिमीच्या वर कसा? तर आमचा पाऊस बराचसा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा, ती ओडिशा छत्तीसगडवरून इकडे सरकतात. तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्यांचा दम संपतो. म्हणजे तुम्ही बरोब्बर मधे सापडलात बघा, इकडचाही नाही तिकडचाही नाही.

वाईकर_काका:
म्हणून तर माणदेशाची मदार परतीच्या पावसावर. सप्टेंबरात पश्चिमेचा वारा पडतो, दुपारी जमीन तापते, ओल पूर्वेकडनं येते आणि ढग उभा वाढतो, दहा-बारा किलोमीटर, विजा कडाडत. उत्तरा आणि हस्त लागले की पडतो तो हाच. बाजरी गेली तरी शाळू पदरात पडतो तो त्याच्यामुळं.

माणदेशी_गडी:
चुलत्यांना सगळं वाचून दाखवलं. बहात्तरला गप्प बसले. मग म्हणाले, चक्क्या न्हाईत तर न्हाईत, डोंगर तर आडवा हायच की. आणि शाळूचं बी कणगीतनं काढून उन्हाला घाल म्हणाले. ऊन कुठाय, नुसतेच ढग!