'इंडोचाइन' बघितला आणि पणजोबा आठवले

पर्वतीपायथा:
काल रात्री 'इंडोचाइन' बघितला, १९९२ चा, फ्रेंच, ऑस्करवाला. व्हिएतनाममधे रबराचा मळा असलेली फ्रेंच बाई, तिनी दत्तक घेतलेली तिथलीच मुलगी कामी, ती पुढे क्रांतिकारक होते, जेलमधे जाते वगैरे. हालाँगच्या खाडीचे सीन एक नंबर. पण खटकलं ते असं की अख्खी स्टोरी सांगते ती मळेवाली बाई, आणि सांगते कोणाला तर कामीच्याच मुलाला. म्हणजे आईनी काय केलं ते पोरानी मालकिणीच्या तोंडून ऐकायचं!

आमचे पणजोबा पत्री सरकारमधे होते, सातारा साइडला, तीन वर्षं भूमिगत. घरात त्यांचं काय उरलंय तर १९७२ चा ताम्रपट, फ्रीजच्या वर टांगलाय. बाकी बाबा तेच चार किस्से सांगतात आणि दर वेळी पोलीस वाढतात (मागच्या गणपतीत चाळीस झाले होते). तर व्हिएतनामच्या लोकांनी स्वतः केलेला त्या काळावरचा पिक्चर कुठला? आणि तुमच्या घरात असं कोणी असेल तर खरं काय ते कसं काढलंत?

डेक्कन_क्वीन:
'द रिबेल' बघ, २००७ चा, व्हिएतनामी. गोष्ट १९२२ ची. मारामारी चिक्कार, इतिहासाचा तास समजून बसू नकोस. पण हीरो फ्रेंचांच्या नोकरीतला व्हिएतनामी एजंट आहे, आपलाच माणूस आपल्यावर सोडायचा तो प्रकार बरोब्बर दाखवलाय.

नळस्टॉप_नाना:
पिक्चर बघच पण येन बायचं बंडही वाच. १० फेब्रुवारी १९३० ला फ्रेंचांच्याच फौजेतले व्हिएतनामी शिपाई उठले, लगेच चिरडलं, आणि १७ जूनला पुढारी न्ग्युएन थाय हॉक आणि आणखी बारा जणांची मुंडकी गिलोटिनखाली उडवली. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे मिठाचा सत्याग्रह, आणि तिकडेही मीठ, दारू, अफू तिन्हींचा मक्ता सरकारचाच!! कामीला टाकतात ते पुलो कोंदोर म्हणजे त्यांचं अंदमान. १९३६ ला फ्रान्समधे पॉप्युलर फ्रंट (डाव्या पक्षांची आघाडी) सत्तेवर आल्यावर ती सुटते ते मनचं नाही, तेव्हा खरंच बरेच राजकैदी सोडले होते.
आणि पुण्यात राहून '२२ जून १८९७' बघितला नसशील तर आधी तो बघ बाबा. चापेकरांवरचा, १९७९ चा, नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा. हार घातलेला फोटो नाही केलाय त्यांचा.

सदाशिवातली_सून:
पणजोबा पणजोबा काय, तीन वर्षं घर कोणी चालवलं? पणजीबद्दल विचारलंस का कधी कोणाला?

पर्वतीपायथा:
@सून नव्हतं विचारलं. आत्ता साताऱ्याच्या आत्याआजीला फोन लावला, ८८ वर्षांची आहे पण सगळं लख्ख आठवतं. म्हणाली आईनी त्या ताम्रपटाला कधी हात नाही लावला, शेजारपाजारचं कोणी बघायला आलं की म्हणायची, "दोन एकर गेलं नि पत्रा आला."
आणि पोलीस घरी एकदाच आले होते म्हणे. दोघं. कोंबडी घेऊन गेले.