मयत भावावरच गुन्हा नोंदवलाय. तपास नीट व्हावा म्हणून काय करता येईल?

नमस्कार. माझा मावसभाऊ जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाचा सीझन, त्यामुळे रात्रपाळी चालू होती. पहाटे सुट्टी झाल्यावर मोटारसायकलने गावी निघाला आणि धुळे-जळगाव महामार्गावर अपघात झाला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

एफआयआरची नक्कल हातात आली तेव्हा कळलं, आरोपी म्हणून त्याचंच नाव आहे. फिर्यादी पोलीस हवालदार. कलमं भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १०६(१). गाडी भरधाव, हयगयीने चालवून स्लीप झाली आणि तो स्वतःच्या मरणास कारणीभूत ठरला, असं लिहिलंय. वेग पाहिला कुणी? फिर्यादीत एकाही साक्षीदाराचं नाव नाही.

गाडी ठाण्याच्या आवारात पडून आहे, ती मी नीट बघितली. मागचा मडगार्ड चाकावर दबलाय, टेललाइट फुटलाय, नंबरप्लेट आत मुडपली आहे आणि तिच्या कडेला निळा रंग लागलाय. भावाची गाडी काळी. स्लीप झालेल्या गाडीचं एका बाजूचं फूटरेस्ट आणि हँडलचं टोक घासून निघतं. इथे फूटरेस्टचं रबरसुद्धा शाबूत आहे. पंचनाम्यात मात्र ‘वाहनाचे नुकसान झालेले आहे’ एवढं एकच वाक्य.

हेल्मेट नव्हतं, असंही पंचनाम्यात आहे. दवाखान्यातून कपड्यांची पिशवी मिळाली, तिच्यात हेल्मेट निघालं. पट्टा कात्रीने कापलेला, बक्कल अजून लागलेलंच.

हे सगळं तपासी अंमलदारांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “पोरं कशा गाड्या चालवतात ते आम्ही रोज बघतो.” ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. रोज तेच बघून त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं, आणि पंचनामा त्या मताप्रमाणे लिहिला गेला. दारावर आलेली माणसंही मावशीसमोर हेच बोलून गेली. ती एकच म्हणते, “मना पोऱ्या तसा नव्हता.” २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. इतक्या मरणांना ‘पोरं गाड्या उडवतात’ हे एकच उत्तर कसं पुरेल?

आरोपी मयत म्हणून आता अबेटेड समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवतील, असं ऐकतोय. ती जायच्या आत मागून धडक बसल्याचं रेकॉर्डवर कसं आणायचं? हेल्मेट पोलिसांकडे द्यावं की घरीच ठेवावं? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद – पांझराकाठ

दादा, वाचून फार वाईट वाटलं. मी धुळ्याला वकिलांच्या ऑफिसात अपघात दाव्यांचंच काम बघतो.

हेल्मेट धुवू नका, पुसू नका. आहे तसं कागदी पिशवीत ठेवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नुसतं नेऊन देऊ नका. लेखी अर्ज द्या, ‘जप्ती पंचनामा करून ताब्यात घ्यावे’ असं लिहा आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. पट्टा रुग्णवाहिकेत कापला की दवाखान्यात, ते शोधा. ज्याने कापला त्याचा जबाब घ्या, अशी मागणी त्याच अर्जात करा.

गाडी सोडवून आणायची घाई करू नका. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाली का ते विचारा. निळ्या रंगाचा नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावा, असंही मागा. ठाण्यात दाद लागली नाही तर डीवायएसपी आणि एसपींना अर्ज द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समरी कोर्टात गेली की नोटीस फिर्यादीला जाते. इथे फिर्यादी हवालदारच आहेत, म्हणजे घरच्यांना कळणारच नाही. १९८५ च्या भगवंत सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मयताच्या नातेवाइकांना नोटिशीचा हक्क नाही, पण ते हजर झाले तर मॅजिस्ट्रेटने त्यांचं ऐकून घ्यायला हवं. म्हणून ठाणं ज्या कोर्टाखाली येतं तिथे वकिलांमार्फत लक्ष ठेवा. समरीला हरकत घेऊन पुढील तपासाचा आदेश मागता येतो. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत पीडिताला कळवायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. त्याचा हवाला देऊन पत्र द्या.

भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर हिट अँड रन योजनेत वारसांना २ लाख मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. पण कागदावर ‘स्वतः स्लीप झाला’ राहिलं तर दोन्ही वाटा बंद. गाडी त्याच्याच नावावर होती आणि लायसन होतं, तर पॉलिसी बघा. मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा घेतलेला असेल तर १५ लाखांचं संरक्षण असतं आणि त्याला दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागत नाही.

हेल्मेटच्या मुद्द्याने खचू नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं, मोटारसायकलवर तिघे आणि मागून कारची धडक. तिघे बसले म्हणून अपघातात त्यांचाही दोष आहे असं आपोआप ठरत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा मार वाढला हे दाखवावं लागतं, असं कोर्टाने म्हटलं. नियम मोडला असला तरी धडक कुणी दिली, हा प्रश्न उरतोच.

प्रतिसाद – केळीवाला रावेर

सीसीटीव्ही फुटेजचं आजच बघा भाऊ. पंप, ढाबे यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) भरला की जुनं पुसलं जातं. मालक तुम्हाला देणार नाही कदाचित, पण ‘पोलीस येईपर्यंत जपून ठेवा’ असं लेखी द्या आणि त्याची प्रत ठाण्यात जोडा. कोर्टात लागायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते देणाऱ्याकडूनच घ्या. टोलनाक्यावर त्या वेळेच्या वाहनांची नोंद असते, ती पोलिसांनी मागवावी असा अर्ज करा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रस्त्यावरच्या एका ढाब्याने फुटेज काढून ठेवायचं कबूल केलंय, उद्या अर्ज घेऊन जातोय. हेल्मेट मावशीने कपाटात ठेवलं होतं, कुणाला हात लावू देत नव्हती. समजावल्यावर दिलं. पांझराकाठ, रंगाच्या नमुन्याचा अर्ज कसा लिहायचा, त्याचा मसुदा मिळेल का? आणि जळगाव कोर्टात असल्या समरीला हरकत घेणारे वकील कुणाला माहीत असतील तर व्यनि करा.