कर ‘चुकवा’ : भरा की बुडवा?

अनुवादिका :
काल एका सूचनेवरून आमच्या समन्वयकांशी माझी चांगलीच जुंपली. मूळ मजकूर हिंदी : ‘बकाया कर समय पर चुकाएँ.’ माझ्याकडे तपासायला आलेलं मराठी : ‘थकीत कर वेळेवर चुकवा.’ मी लाल रेघ मारली. हे वाचून माणूस कर भरेल की बुडवेल? ते म्हणाले, ‘हिशेब चुकता करतो ना आपण? मग हेही मराठीच.’ यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही आणि ते डोक्यातून जात नाहीये. पैसे देणे या अर्थाने नुसतं ‘चुकवणे’ तुमच्या घरात, तुमच्या गावात कुणी म्हणतं का? मजकूर सोमवारी छपाईला जातोय.

सातारकर :
मुळीच नाही. कर, फी, बिल भरतात. कर्ज फेडतात. उधारी चुकती करतात. चुकवतात ती नजर, वार, नाहीतर शाळा. ‘करचुकवेगिरी’ कुणाला समजावून सांगावी लागते का? ही सरळ हिंदीची घुसखोरी आहे. अशा चार सूचना भिंतींवर लागल्या की पुढच्या पिढीला ‘भरणे’ आठवणार नाही. रेघ पुसू नका.

यवतमाळवाला :
दादा, जरा थांबा. आमच्याकडे कापसाचा ‘चुकारा’ असतो, म्हणजे विकलेल्या मालाचे मिळणारे पैसे. १९७२ला एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस सरकारनेच विकत घ्यायचा. तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा शब्द हाच. गाडी रात्रभर केंद्राबाहेर उभी, सकाळी ग्रेडरने कापसात हात घालून प्रत ठरवायची, मग काटा, मग पावती. आणि मग वाट पाहायची ती चुकाऱ्याची. बाबा ती पावती टोपीच्या घडीत ठेवत. मायनं किराण्यासाठी पैसे मागितले की म्हणत, ‘चुकारा होऊ दे.’ बहिणीच्या लग्नाची तारीखही चुकाऱ्यावर ठरली. आजही धानाचे, तुरीचे चुकारे थकल्याच्या बातम्या येतात. हा शब्द हिंदीतून आला म्हणून आमचा नाही, असं म्हणू नका.

सातारकर :
चुकारा मान्य. पण तुम्ही ‘चुकारा चुकवला’ म्हणता का?

यवतमाळवाला :
नाही. चुकारा होतो, मिळतो, थकतो. ते खरं.

बडोदेकर :
आम्ही म्हणतो! चार पिढ्या बडोद्यात, घरात मराठी. ‘लाइटबिल चुकवलं का?’ हे आईचं रोजचं वाक्य. गुजरातीत ‘चूकववुं’ म्हणजे पैसे देणे, ‘चूकवणी’ म्हणजे भरणा. लग्नानंतर कोल्हापूरला गेले. पहिल्याच महिन्यात सासऱ्यांना सांगितलं, ‘दूधवाल्याचे पैसे चुकवून आले.’ ते उठले, चपला घातल्या आणि दूधवाल्याची माफी मागायला निघाले. त्या दिवशी मला फार लागलं. आमची मराठी ही मराठी नव्हेच का? सातारकर, घुसखोरी म्हणताना हेही मनात असू द्या.

प्राकृतप्रेमी :
दोन्ही अर्थ एकाच मुळाचे असावेत, असं मला वाटतं. १२व्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’, म्हणजे निसटणे, खाली पडणे, याला पर्याय दिलेत : फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. आता गंमत बघा, ‘चुक्क’च्या शेजारीच ‘फिट्ट’ आहे आणि आपण म्हणतो ‘कर्ज फिटलं’. ओझं अंगावरून निसटलं तर ते फिटलं, चुकतं झालं. माणूसच ओझ्याखालून निसटला तर त्याने ते चुकवलं. हिंदीने स्वराने सोय केली : ‘चूकना’ म्हणजे हुकणे, ‘चुकना’ म्हणजे संपणे. मराठीत उकार एकच, म्हणून ‘चुकता करणे’ अशी जोडी लावावी लागते. संतांच्या तोंडचं जन्ममरणाचे फेरे ‘चुकणं’ या दोन्हींच्या मधोमध आहे. फेरे संपले म्हणा, टळले म्हणा.

अनुवादिका :
हे उत्तर समन्वयकांना द्यायला हवं होतं! पण मग आणखी एक अडलं. त्याच सूचनेत पुढे ‘दंड टाळा’ आहे. तिथे ‘दंड चुकवा’ का नाही चालत?

दवाखान्यातली :
मी रोज गोळ्या समजावून देते, त्यावरून सांगते. आमचे डॉक्टर लिहितात, ‘गोड कटाक्षाने टाळा’, आणि त्याच कागदावर खाली, ‘सकाळची गोळी चुकवू नका.’ उलटं करून बघा, ‘गोड चुकवा’ म्हणवत नाही. टाळतो ती गोष्ट घडूच देत नाही, आधीच ठरवलेलं असतं. चुकवतो ती ठरलेली असते, आपल्याकडे येत असते, आपण बाजूला होतो. मित्राला टाळणं निराळं आणि चौकात त्याला चुकवून जाणं निराळं. दंड अजून लागलेला नाही, म्हणून टाळा. लागल्यावर न भरता निसटलात तर चुकवलात.

सातारकर :
अगदी बरोबर. आम्हीही शाळा चुकवायचो, टाळायचो नाही. शाळेला बुट्टी मारून विहिरीवर.

पार्लेकर :
बुट्टी? आम्ही दांडी मारायचो. बुट्टी म्हणजे टोपली ना?

बडोदेकर :
कोल्हापुरात दोन्ही! भाकरीची बुट्टी आणि शाळेची बुट्टी. सासूबाई बेळगावच्या. त्यांच्या मते कानडीत बुट्टी म्हणजे टोपलीच. मग ती मारायची कशी, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

यवतमाळवाला :
आमच्याकडे शाळेला गोळी मारत. ताई, सूचनेत शेवटी काय ठेवलं?

प्राकृतप्रेमी :
दांडीचा ‘खाडा’शी काही संबंध असेल का? मोलकरणीचा खाडा म्हणतो आपण, दांडी क्वचितच. कॅलेंडरवर खाड्याची आडवी रेघ मारायची आमची आजी, तीच ‘दांडी’ असेल का? आणखी कुणाच्या घरी अशी रेघ मारत होते का?