अनुभव धागा : पडद्यावरचा क्रूस बघताना तुम्ही काय केलंत?

सराफाकरीण
काल माळा आवरताना जुन्या व्हीसीडींचा डबा सापडला. लग्नाच्या, मुंजीच्या, एक 'घरच्या घरी योगा', आणि तळाशी 'पॅशन ऑफ द क्राइस्ट'. ती आमची नाहीच. २००५ च्या सुमारास शेजारच्या नर्सकाकूंनी दिली होती. त्या केरळच्या, पुढे इंदूर सोडून गेल्या आणि सीडी परत करायची राहिली ती राहिलीच.

गुड फ्रायडेची दुपार होती. रामबागेतलं जुनं घर, कूलरचा घरघराट. मी, भाऊ, आई आणि आजी. आम्हाला वाटलं देवाचा सिनेमा, म्हणजे रविवारी सकाळी लागायच्या त्या मालिकांसारखा असेल. आजीने तर सवयीने पदर डोक्यावरून घेतला. मग फटके सुरू झाले. संपेचनात. आई 'कुकर लावते' म्हणून उठली. दुपारी तीनला कुकर! भाऊ सारखा 'मेकअप आहे, मेकअप आहे' म्हणत होता, बहुतेक स्वतःलाच सांगत होता. मी उशीत तोंड खुपसलेलं. आजी एकटी ताठ बसून बघत होती. तिला इंग्रजी यायचं नाही, आणि सिनेमा इंग्रजीत नव्हताच. अरामी आणि लॅटिन, खाली इंग्रजी अक्षरं. म्हणजे घरात कुणालाच भाषा कळत नव्हती, आजीला सगळ्यात कमी.

फटके संपतात आणि येशूची आई आणि ती दुसरी मारिया गुडघ्यांवर बसून फरशीवरचं रक्त पांढऱ्या फडक्यांनी टिपतात. तिथे आजी म्हणाली, "फडकी कमी पडतील तिला."

अख्ख्या पिक्चरभर एवढंच बोलली. मला तेव्हा हसू आलं होतं. काल तो डबा घेऊन माळ्यावरच बसून राहिले.

तुमचं सांगा. हाच पिक्चर पाहिजे असं नाही. धर्मावरून भांडायचं असेल तर दुसरीकडे जा, इथे अनुभव लिहा.

जीरावन
आम्ही चार मित्रांनी मारधाडीचा पिक्चर म्हणून भाड्याने आणली होती ही सीडी. बारावीत होतो. दुकानदार म्हणाला भिया एकदम खतरनाक है. पहिली सीडी संपली तेव्हा त्याला खांबाला बांधून मारतच होते. दुसरी लावली तर गोविंदा नाचतोय. कव्हरात अदलाबदल झालेली. परत जायचा कंटाळा, म्हणून गोविंदाच बघितला आणि जाम हसलो. रात्री झोप नाही लागली मात्र. खरं सांगतो, पुढचा भाग मी आजवर पाहिलेला नाही. माझ्यासाठी तो अजून त्या खांबालाच बांधलेला आहे.

राजवाडा_पार्किंग
मेलो 😂 गोविंदा!!

राजवाडा_पार्किंग
पण शेवटचं वाक्य वाचून हसू थांबलं राव

वसईकरीण
मी वसईची कॅथलिक, लग्नानंतर इंदुरात, बावीस वर्षं झाली. फोनवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

आमच्यासाठी गोष्ट नवी नव्हती. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट करतो, १४ स्थानं. तो तीनदा पडतो, आई भेटते, वेरोनिका नावाची बाई त्याचं तोंड पुसते. यातलं तीनदा पडणं आणि वेरोनिका शुभवर्तमानांत नाहीत, परंपरेतून आलंय. पिक्चरवाल्याने ही वाट जशीच्या तशी उचललीय, म्हणून आमच्या लोकांना तो घरचा वाटला. फटक्यांबद्दल योहानाच्या शुभवर्तमानात एकच वाक्य आहे. पिलाताने, म्हणजे तिथल्या रोमन सुभेदाराने, येशूला नेऊन फटके मारवले, बस. त्या एका वाक्याचं त्यांनी काय केलं ते तुम्ही बघितलंत.

माझे सासरे बघून आले आणि दोन दिवस गप्प. मग म्हणाले, सत्तर वर्षं 'आमच्यासाठी दुःख सोसलं' असं तोंडाने म्हणत आलो, सोसलं म्हणजे काय ते आत्ता कळलं. ते पुढे दरवर्षी बघायचे.

माझं उलट झालं. लहानपणापासून प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकताना माझ्या डोळ्यांपुढे माझा एक येशू यायचा. थोडा आमच्या धाकट्या मामासारखा दिसायचा, हसू नका. पिक्चर बघितल्यापासून तो येत नाही. त्या नटाचा सुजलेला बंद डोळाच येतो. वीस वर्षं झाली, माझा परत आला नाही. रागही येतो आणि राग येतो म्हणून अपराधीही वाटतं. घरात कुणाला सांगितलेलं नाही हे, इथेच लिहितेय.

सराफाकरीण
@वसईकरीण मामासारखा येशू... हसत नाही गं. आमचा विठोबा पण आजोबांच्या उंचीचा होता माझ्या डोक्यात.

डॉ_निवृत्त
मी पेशाने सर्जन. घरचे डोळे झाकत होते आणि मी रक्तस्रावाचा अंदाज बांधत होतो. इतक्या फटक्यांनंतर माणूस क्रूस उचलून चालणं अवघड आहे. माझ्या मते शॉकमध्येच गेला असता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १९८६ साली यावर रीतसर लेख आला होता. आणि क्रूसावर चढवलेल्या माणसाचा हाडामांसाचा पुरावा म्हणाल तर १९६८ मध्ये जेरुसलेममध्ये एक टाचेचं हाड मिळालं, खिळा अजून आत अडकलेला. टोक वाकलं होतं म्हणून काढता आला नसावा. त्या हाडाचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मात्र हिशेब वगैरे सुचला नाही. पिक्चरमध्ये बादलीभर रक्त होतं, फोटोत थेंब नाही. चहा गार झाला माझा.

खुर्चीत_बसून
ट्रिव्हिया: खिळा धरलेला जो हात दिसतो तो दिग्दर्शक मेल गिब्सनचा स्वतःचा. आणि येशू झालेल्या नटावर शूटिंगमध्ये खरंच वीज पडली होती. २००५ मध्ये पाचेक मिनिटं कापून सौम्य आवृत्तीही काढली. ज्यांना कुकर लावायचा नाही त्यांच्यासाठी 😄

पुण्याची_माहेर_इंदूर
साबुदाण्याची खिचडी सराफ्यात रात्री किती वाजेपर्यंत मिळते हल्ली? पुढच्या आठवड्यात येतेय. (सॉरी, धागा चुकला असेल पण इथे सगळे इंदूरचे दिसले.)

जीरावन
दोनपर्यंत आरामात ताई. जास्तीचं तिखट मागून घ्या

झाबुआ_ते_भोपाळ
बाबा वीज मंडळात, लहानपण झाबुआला गेलं. तिकडे भिलांमध्ये कॅथलिक खूप. मिशनचे लोक जीप, जनरेटर आणि पडदा घेऊन यायचे. पिक्चर 'दयासागर', मूळ तेलुगू, १९७८ चा, आम्ही हिंदीत बघितलेला. शेतात कापड बांधलेलं, पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. मागच्या बाजूला बसलं की सगळे डावखुरे दिसायचे, मला तीच बाजू आवडायची.

एकदा हातोडा वर गेला आणि नेमकी रीळ तुटली. पडदा पांढरा. ऑपरेटर बॅटरी तोंडात धरून जोडत बसला, दहा मिनिटं तरी गेली असतील. एकही माणूस जागचा उठला नाही, पोरंसुद्धा गप्प. माझ्या शेजारच्या म्हातारीने मला हिंदीत विचारलं, "बेटा, अब छोड़ देंगे क्या?" मी शहरातला, शाळेत जाणारा, म्हणून मला माहीत असणार असं तिला वाटलं. मी सातवीत. मला शेवट माहीत होता. मी म्हटलं, "हाँ."

मग रीळ जोडली.

तिने माझ्याकडे वळून बघितलं नाही, तेच जास्त लागलं. पॅशन वगैरे नंतर बघितला, त्याचं काही वाटलं नाही मला.

राजवाडा_पार्किंग
@झाबुआ_ते_भोपाळ दादा... काय लिहू. मीही हाँच म्हटलं असतं.

कलाभवन_बडोदे
आमच्या बडोद्याचा उल्लेख व्हायलाच हवा 🙂 दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. तीच इमारत, आता विद्यापीठाचं इंजिनिअरिंग तिथे आहे, माझा मुलगा तिथेच बंक मारतो. फाळक्यांनी १९१० मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला आणि तो बघताना आपले राम, कृष्ण डोळ्यांपुढे येऊ लागले असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मग १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. म्हणजे भारतीय सिनेमाचं मूळ तंबूतल्या येशूपाशी जातं. वसईकरीणताईंचा येशू पिक्चरने पळवला, आणि फाळक्यांना पिक्चरमधल्या येशूने राम आणून दिला. गंमत आहे की नाही.

वसईकरीण
@कलाभवन काका, फाळक्यांच्या वेळी रक्त काळं-पांढरं होतं हो.

लष्करवाला
ग्वाल्हेर. मोहरमचे ताजिये बघत वाढलो, छातीवर हात मारणारी माणसं बघितली. आमच्या मूळ गावाकडे, वाईजवळ, बावधनला बगाड असतं, रंगपंचमीला. पूर्वी म्हणे पाठीत गळ टोचून माणूस टांगायचे. आजोबांच्या बोलण्यात त्याचं कौतुकच असायचं. नवस फेडलेला माणूस हसत खाली उतरतो असं सांगायचे. म्हणून मला येशूच्या पिक्चरमधल्या रक्ताचं नवल नाही वाटलं. नवल याचं की त्याने काही मागितलं नव्हतं. नवस नव्हता. कळतंय का मला काय म्हणायचंय?

पुण्याची_माहेर_इंदूर
कळतंय. रंगपंचमीवरून आठवलं, इंदूरची यंदाची गेर, रंगपंचमीची मिरवणूक, बघितली का कुणी?

अलिबाग_इंदूर
थोडं कडू लिहिते. आईच्या मैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या, अलिबागकडच्या. बोलणं अस्सल कोकणी वळणाचं मराठी, शनिवारी चूल बंद. पॅशन आला तेव्हा घरात आम्ही सगळे भारावून बोलत होतो, त्यांच्यासमोरच. त्या म्हणाल्या, "पिक्चर बघून बाहेर आलात की माझ्याकडे कसं बघाल, तेवढं सांग." आम्ही म्हटलं अहो तुमचा काय संबंध. त्या म्हणाल्या, "युरोपातल्या आमच्या लोकांना हेच कितीदा तरी सांगून झालंय."

मी नंतर वाचलं. 'याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर' हे ज्यू जमावाचं वाक्य ज्यू संघटनांच्या आक्षेपानंतर फक्त खालच्या अक्षरांतून काढलं. अरामीत ऐकू येतंच. म्हणजे सराफाकरीणच्या आजीने ते ऐकलं असणार. कळलं नसणार. बरं झालं.

खुर्चीत_बसून
हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

उदयनगरकडची
सगळे पिक्चरबद्दल बोलतायत. माझं माहेर देवास जिल्ह्यातलं. सिस्टर राणी मारिया २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्येच हल्ला होऊन गेल्या. शेतमजुरांना सावकाराच्या हातून सोडवायचं काम करत होत्या. पन्नासहून जास्त वार. बस भरलेली होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, मोठी माणसं ओट्यावर कुजबुजत होती आणि आम्हाला आत जा म्हणत होती.

त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना चर्चने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मी गर्दीत होते. मी ख्रिश्चन नाही. का गेले विचाराल तर सांगता येणार नाही.

पॅशन अमेरिकेत लागला तो २५ फेब्रुवारी २००४ ला, त्या वर्षीचा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. हीच तारीख. योगायोगच. पण मी तो पिक्चर लावलेला नाही कधी. राखी बांधतानाचा प्रसंग मात्र पडद्यावर बघायला आवडेल, हळू, मोठा, दहा मिनिटांचा. त्याला कोण पैसे लावणार म्हणा.

डॉ_निवृत्त
🙏

वसईकरीण
राखी बांधणाऱ्या त्या सेल्मी सिस्टर. हो. आमच्या घरी त्यांचं नाव रोजच्या प्रार्थनेत असतं.

जीरावन
सराफाकरीणताई, एक विचारू? आजी तसं का म्हणाली, ते कधी विचारलंत?

सराफाकरीण
नाही विचारलं. आजी २०११ ला गेली.

पण हा धागा काढल्यावर रात्री आईला फोन केला. माझे मोठे काका तरुणपणीच ए. बी. रोडवर गेले, ट्रकने उडवलं, एवढं माहीत होतं. हे माहीत नव्हतं की त्यांना आधी घरी आणलं होतं. ओसरीवर ठेवलं होतं. लोक घेऊन गेल्यावर आजीने कुणाला हात लावू दिला नाही, ओसरी एकटीने पुसली. घरातली धोतरं फाडून. आई म्हणाली, "मी नवी सून. मी फक्त बादलीतलं पाणी बदलून देत होते."

मग त्या दुपारच्या कुकरबद्दल मी काही बोलले नाही. आईच म्हणाली, "त्या दिवशी डाळ भिजवलीच नव्हती मी. रिकामाच लावला होता."

राजवाडा_पार्किंग
...

झाबुआ_ते_भोपाळ
ताई. आईंना नमस्कार सांगा.

अलिबाग_इंदूर
मी आत्ता ऑफिसात आहे आणि डोळे पुसायला बाथरूममध्ये आलेय.

लष्करवाला
रिकामा कुकर शिट्टी देत नाही हो. तळ जळतो.

सराफाकरीण
@लष्करवाला जळलाच होता. नवा आणला होता त्या उन्हाळ्यात, ते आठवतंय मला. कारण विचारलं नव्हतं.

खुर्चीत_बसून
विषय हलका करतो. याचा पुढचा भाग येतोय, पुनरुत्थानाचा, दोन भागांत, पहिला २०२७ ला म्हणून जाहीर झालंय. नट नवा आहे.

वसईकरीण
नवा नट? बघू मग. मामासारखा दिसत असेल तर जाईन.

जीरावन
ताई, तुमच्या डब्यात दोन्ही सीडी आहेत का? दुसरी चालते का? माझा खांबाला बांधलेला सोडवायचाय

सराफाकरीण
दोन्ही आहेत. दुसरीवर ओरखडे आहेत पण चालेल बहुतेक. प्लेअर आहे का पण तुमच्याकडे?

जीरावन
काकांकडे आहे, बंद पडलाय, ठोकला की चालतो. कुठे भेटू? शुक्रवारी छप्पन दुकानला, खाऊगल्लीत?

सराफाकरीण
चालेल. सकाळी, पोह्यांच्या वेळेला. आणि परत द्या हं, ती मुळात माझी नाही.

वसईकरीण
शुक्रवारी मी पण आले असते, पण संध्याकाळी क्रूसाची वाट आहे आणि सकाळपासून उपास. शनिवारी ठेवा ना.

पुण्याची_माहेर_इंदूर
शनिवार ठेवा, मी पण पोचते.