मधुमेह आणि मन: तुमचे अनुभव लिहा

मधुमेहाचा विषय निघाला की गप्पा पथ्य, चालणं आणि कारल्याच्या रसापुढे जात नाहीत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ सालच्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत, पण रोज बोट टोचून घेण्याचा, मोजूनमापून खाण्याचा वैताग कोणी बोलत नाही. डॉक्टर त्याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात. ते म्हणजे नैराश्य नव्हे, पण दोन्ही एकत्र असू शकतं. इथे अनुभव लिहा. कारलंवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

मिसळप्रेमी
टाइप २. आमच्याकडे एचबीए१सीचा रिपोर्ट म्हणजे दहावीचा निकाल. आकडा आठच्या वर गेला की सासूबाई म्हणणार, "गणपतीत मोदक कोणी खाल्ले?" अहो, ती रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी असते! पण मग मी मोदक ओट्याशी उभ्या उभ्या, पाठ करून खायला लागले. आधीचे डॉक्टर फक्त आकडा बघायचे. नवीन डॉक्टरीणबाईंनी वीस प्रश्नांचा कागद हातात दिला: खाण्यावरून अपराधी वाटतं का, एकटं वाटतं का, या आजाराने थकलात का? भरता भरता रडूच फुटलं. त्यांनी साखरेचा विषय त्या दिवशी काढलाच नाही. पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावून घेतलं आणि ताटावरची टोमणेबाजी बंद करायला सांगितलं. निम्मी बंद झाली आहे.

इन्सुलिनवाली
टाइप १, एकटी राहते. एकदा मध्यरात्री साखर ५२. गाऊन घामाने चिंब, हात इतके थरथरत होते की ग्लुकोजचं पाकीट दातांनी फाडलं. तेव्हापासून झोपताना साखर मुद्दाम चढी ठेवायचे, म्हणजे सकाळी पुन्हा अपराधीपणा. धडधड, घाम, थरथर ही भीतीच्या झटक्यातही होते, त्यामुळे नक्की काय चाललंय कळत नाही. आता नियम एकच: आधी मोजायचं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत मोजायचं. साखर ठीक असेल तर समुपदेशकांनी शिकवलेला श्वास. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावलाय, पण त्याच्या अलार्मचीच धास्ती बसलीय.

नाशिकची सून
सासऱ्यांना मधुमेह. त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त चिडतो, हे खरं.

जुना सभासद
मला नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. मनाच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवतो. मनाने गोळी बंद करत नाही. पहिला फोन टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला केला होता, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

इन्सुलिनवाली, डॉक्टरांना विचारून वाढलेल्या साखरेच्या अलार्मचा आकडा रात्रीपुरता वर नेऊन बघ. कमी साखरेचा मात्र वाजू दे.