कॅसेटमध्ये न सापडलेले : रॉक मैफलींचे अनुभव

धोबीतलावकर
परवा मुंबईतल्या, आता बंद असलेल्या रंगभवनावरून जाणे झाले आणि 'आय-रॉक'च्या, म्हणजे १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेन्डन्स रॉक महोत्सवाच्या संध्याकाळी आठवल्या. झेवियर्स महाविद्यालयाशेजारच्या त्या खुल्या नाट्यगृहात मी पहिल्यांदा रॉक मशीन हा बँड ऐकला, जो पुढे इंडस क्रीड झाला. तोवर रॉक म्हणजे मित्रांमध्ये फिरत आलेली, प्रतीवरून प्रत काढलेली कॅसेट होती आणि तिच्यात बास गिटार वेगळी अशी ऐकूच येत नसे. रंगभवनात ती पायांखालच्या जमिनीतून छातीपर्यंत चढली, तेव्हा ओळखीच्या गाण्याचा निम्मा भाग आजवर आपल्याला माहीतच नव्हता, हे कळले.

रुग्णालये, न्यायालये आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ही जागा सापडली आणि तिथल्या मैफली थांबल्या. कामा रुग्णालय जवळच असल्यामुळे नियमाचे कारण मला पूर्णपणे पटते; मात्र विद्यार्थ्याला परवडेल अशी तेवढ्याच आपुलकीची जागा शहराने पुन्हा उभी केली नाही, याचे दुःख वाटते. ध्वनिमुद्रणात नव्हते आणि प्रत्यक्ष मैफलीतच मिळाले, असे तुम्हाला काय आठवते?

ठेका_दादरा
७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स. सगळे मैदान गायक मिक जॅगरकडे पाहत होते, पण मी तेव्हा तबला शिकत असल्यामुळे मोठ्या पडद्यावर त्यांचे ड्रमवादक चार्ली वॉट्स दिसण्याची वाट पाहत होतो. ड्रमवादक एरवी उजव्या हाताने हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, सलग आघात देत राहतात. वॉट्स मात्र डाव्या हाताची काठी स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, पडण्याच्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घेत असत. त्यामुळे स्नेअरचा आघात एकटा, स्वच्छ उमटत असे आणि त्याच्या आधी श्वासाएवढी जागा मोकळी राहत असे. कॅसेट ऐकताना या वादनात काहीतरी वेगळे वजन आहे एवढेच मला जाणवत होते. ते कशामुळे येते, हे तो हात पाहिल्यावर समजले. दुसऱ्या दिवशी गुरुजींना करून दाखवले, तेव्हा त्यांनी त्या दिवशीचा ठरलेला कायदा, म्हणजे तबल्याची सरावाची रचना, बाजूला ठेवून मला तेवढेच मांडीवर वाजवायला लावले, आणि खालीच्या, म्हणजे तालातल्या बिनवजनाच्या मात्रेच्या, जागेबद्दल ते इतकी वर्षे जे सांगत होते ते त्या दिवशी माझ्या हातात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये वॉट्स गेले, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

सायली_ठाणे
दादा, तुमचे वाचून आत्ता कुकर बंद करून त्यांचे जुने चित्रण लावले आणि तो उचललेला हात मलाही दिसला. मनापासून आभार.

कोथरूडचा_मेडनभक्त
मार्च २००७, बंगळूरचे पॅलेस ग्राउंड्स, आयर्न मेडन. आम्ही पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो होतो. आधी दिल्लीचा परिक्रमा हा बँड वाजला आणि त्यांचे व्हायोलिन त्या मैदानावर फार शोभले. मला सर्वांत जास्त आठवते ते हे, की लोक शब्दांबरोबर गिटारच्या धूनही गात होते. आपापल्या खोलीत एकट्याने पाठ केलेली ती धून हजारोंना तशीच पाठ आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

एल्बेकाठी
मी हॅम्बुर्गला राहते. येथून जवळच वाकेन नावाचे दोनेक हजार वस्तीचे खेडे आहे आणि तेथे १९९० पासून दर उन्हाळ्यात मेटल संगीताचा महोत्सव भरतो. गावच्या अग्निशमन दलाचा वाद्यवृंदही त्यात वाजवतो आणि काळे कपडे घातलेली, अंगभर गोंदवलेली मंडळी त्या सुरावटींवर आनंदाने नाचतात. २०१९ मध्ये दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड तेथे वाजला. गिटारींच्या गदारोळात ढोल ऐकू आला, तेव्हा मला शब्द सुचेनासे झाले.

सायली_ठाणे
ताई, गावकऱ्यांची तक्रार नसते का? आमच्याकडे दहा वाजले, की ध्वनिक्षेपक बंद.

एल्बेकाठी
बरेच गावकरी त्या कामात सहभागी असतात, सायली. अंगणात न्याहारी विकतात, वाटसरूंना मदत करतात. गाव त्याला आपलाच उत्सव मानते.

माझगावचा_शेजारी
धोबीतलावकर, २०२२ च्या नोव्हेंबरात आय-रॉक माझगावला पुन्हा भरला होता. मी मुलाला घेऊन गेलो होतो. त्याला तो खूप आवडला, मला मात्र रंगभवन आठवत राहिले.

सायली_ठाणे
मुलगी तेरा वर्षांची आहे आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या पुढच्या मैफलीला जायचे म्हणते. तिच्या कानांची काळजी वाटते. कुठे उभे राहावे?

ध्वनी_संयोजक
ताई, तिला जरूर घेऊन जा. ध्वनिक्षेपकांच्या अगदी पुढ्यात उभे राहू नका. मैदानात ध्वनिमिश्रणाचा मंच असतो, त्याच्या आसपास थांबा; आवाज तेथे बसूनच जुळवलेला असतो, त्यामुळे सगळी वाद्ये वेगवेगळी ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि दर तीन डेसिबलमागे ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणून अंतर राखण्याचा खरोखर उपयोग होतो. संगीतकार वापरतात तसे कानातले बोळे घ्या. त्यांनी सूर फारसे न बिघडता आवाज उतरतो, कापसाने मात्र पुरेसे संरक्षण मिळत नाही. माझ्या कानात एका मैफलीपासून बारीक शिट्टी वाजते आहे आणि ती थांबलेली नाही, म्हणून एवढे आग्रहाने लिहितो आहे. बोळे मैदानात शिरण्याआधीच घालायला सांगा.