बायोसमध्ये एनव्हीएमई दिसते, लिनक्स इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही

प्रश्न: इंटेल चिपसेटचा मदरबोर्ड, एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान प्रकारची डिस्क) विंडोज आहे. शेजारी लिनक्स टाकायचं आहे, पण डिस्कची यादी दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके' कमांडमध्ये फक्त पेनड्राइव्ह येतो. विंडोज न घालवता काय करता येईल?

उत्तर १: लाइव्ह सेशनमध्ये (पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) 'सुडो डीमेसेज' या कर्नलचे (लिनक्सचा गाभा) संदेश दाखवणाऱ्या कमांडच्या आउटपुटमध्ये 'रीमॅप्ड' शब्द शोधा. तो एनव्हीएमईच्या उल्लेखासह सापडला, तर बायोसमधला साटा मोड (डिस्क कशा जोडायच्या ती सेटिंग) रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) किंवा आरएसटीवर (इंटेलची तशीच सोय) आहे. त्या मोडमध्ये चिपसेट एनव्हीएमई साटा कंट्रोलरच्या मागे लपवतो, म्हणून कर्नलला ती स्वतंत्र दिसतच नाही. इलाज एकच, बायोसमध्ये साटा मोड बदलून एएचसीआय (डिस्क स्वतंत्र दाखवणारा साधा मोड) करणं. एसएसडी खराब समजून बदलू नका.

उत्तर २: पण थेट मोड बदलू नका! विंडोज बहुधा निळ्या पडद्यावर अडकेल, कारण सुरू होताना लागणारा ड्रायव्हर तेव्हा चालू नसतो. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, ही पायरी गाळूच नका. मग 'एमएसकॉन्फिग'च्या बूट टॅबमध्ये सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा. विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडलं की ड्रायव्हर बसतो. सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. खऱ्या रेडमध्ये दोन डिस्क जोडलेल्या असतील तर मात्र हे करू नका, डेटा वाचता येणार नाही.

प्रश्नकर्ता: 'रीमॅप्ड' सापडलं, आता डिस्क दिसते. पण लॅन पोर्ट मृत आहे. रिअलटेक ८१२५.

उत्तर १: कर्नलची आवृत्ती बघा. त्या चिपचा आधार ५.४ पासून आहे, जुन्या आयएसओत (इन्स्टॉलरची फाइल) नाही. नवा आयएसओ घ्या.